शिष्यवृत्ती मेहेरबानी नव्हे, हक्क. आणि तोही वेळेवर हवा!

शिष्यवृत्ती म्हणजे सरकारची मेहेरबानी, असे समजणारे लोक मंत्रालयात आहेत, विद्यापीठांच्या कार्यालयात आहेत आणि दुर्दैवाने आपल्या समाजातही आहेत. म्हणूनच सहा-सहा महिने पैसे आले नाहीत तरी आपली हुशार मुले खिडकीपुढे मुकाट उभी राहतात. बाबू सांगतो, ‘पुढच्या आठवड्यात या.’ मुलगा मान हलवतो आणि परत फिरतो. गुणवत्ता सिद्ध करून मिळवलेल्या पैशासाठी ही लाचारी कशाला? शिष्यवृत्ती ही दया नाही हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने बाबासाहेबांचे शिक्षण कोणकोणत्या पैशावर झाले याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पहिला पैसा राज्याचा. सयाजीराव गायकवाड महाराजांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना बाबासाहेबांना दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. हा दानधर्म नव्हता. रीतसर करार होता. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, ही त्यात अट होती.

१९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा थांबला होता. पुढे बडोद्याला नोकरीसाठी गेले तर या विद्वानाला राहायला कोणी जागा दिली नाही, हा इतिहास आपल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे.

दुसरा पैसा घामाचा. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होऊन त्यांनी पोटाला चिमटा घेऊन बचत केली. तिसरा पैसा माणसांचा. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. तेव्हा कुठे १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला पोहोचले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. शिष्यवृत्ती तुटली नसती तर मधली तीन वर्षे वाया गेली नसती. बाबासाहेबांसारख्या माणसाची तीन वर्षे म्हणजे समाजाचे किती नुकसान, याचा विचार वाचकांनीच करावा.

हे भोगलेल्या बाबासाहेबांनी अधिकार हाती येताच काय केले? १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यातून उच्च शिक्षणासाठी वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण मॅट्रिकोत्तर किंवा ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो तिचे मूळ हे आहे. जी गोष्ट एका उदार महाराजांच्या मर्जीवर होती, ती बाबासाहेबांनी सरकारच्या अंदाजपत्रकात आणून बसवली. पुढे संविधानाच्या कलम ४६ ने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली. दया आणि हक्क यांच्यातला फरक इतका स्पष्ट असताना आपण अजून हात का जोडतो?

आज योजना कमी नाहीत. परदेशी शिक्षणासाठी १९५४-५५ पासून केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी ठेवल्या गेल्या. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी २००५-०६ साली राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली, तीच पुढे अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप झाली. राज्यात बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. कागदावर सगळे आहे. मग अडते कुठे? अडते ते वेळेत आणि नियतीत.

रोहित वेमुलाला आपण विसरलेलो नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात त्याने जीवन संपवले. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, पावणेदोन लाख रुपयांचा, उल्लेख आहे. ती रक्कम आपल्या घरच्यांना मिळावी असे तो लिहून गेला. ताऱ्यांचा आणि विज्ञानाचा ध्यास घेतलेल्या तरुणाला शेवटच्या घटकेला थकबाकीचा हिशेब लिहावा लागतो, ही या व्यवस्थेची लायकी आहे!

महाराष्ट्राने तरी काय वेगळे केले? बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. सरकार म्हणत होते, फक्त २०० जणांना देऊ. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे ते उन्हात बसले. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली, पण पत्रे आधी ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगितले, निधी उपलब्ध झाला तर देऊ. परदेशातले विद्यापीठ सप्टेंबरात सुरू होते. ते आपल्या मंत्रालयाच्या निधीसाठी थांबत नाही.

नुसती दिरंगाई असती तर एकवेळ गलथानपणा म्हटले असते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये याच योजनेच्या नियमात एक अट घुसवण्यात आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्यांना परदेशी शिष्यवृत्ती नाही! मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी कोलंबियात जो निबंध वाचला त्याचा विषय भारतातील जाती हाच होता. त्यांची पीएच.डी. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आणि डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावर. बडोद्याच्या राजाने ‘जातीवर लिहू नकोस’ अशी अट घातली नव्हती. ती स्वतंत्र भारताच्या सरकारला घालाविशी वाटली. आमच्या मुलाने परदेशात जाऊन यंत्र शिकावे, पण जात कशी चालते हे जगाला सांगू नये, असाच याचा अर्थ होत नाही काय?

उत्पन्नाच्या मर्यादेचेही तसेच. २०१९ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणून खुल्या वर्गाला आरक्षण देताना सरकारने आठ लाखांची मर्यादा धरली. आमच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा मात्र डिसेंबर २०२० मध्ये योजना सुधारतानाही अडीच लाखच राहिली. आठ लाखांचा गरीब आणि अडीच लाखांचा श्रीमंत, असे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? त्याच सुधारणेत केंद्राने आपला वाटा ६० टक्के केला, हे खरे. पण त्याआधीची तीन वर्षे केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटींवर अडकली होती आणि बहुतेक भार राज्यांवर ढकलला होता. त्या तीन वर्षांत ज्यांचे कॉलेज सुटले त्यांची भरपाई कोण करणार?

सरकारला जाब विचारलाच पाहिजे. मागणी साधी आहे. फेलोशिप दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात जमा झाली पाहिजे. कर्मचाऱ्याचा पगार सहा महिने थांबला तर संप होतो. संशोधकाचे पोट वेगळे असते का? परदेशी शिष्यवृत्तीची निवड विद्यापीठे सुरू होण्याआधी पुरी झाली पाहिजे, आणि विषयावरची बंदी कायमची हटली पाहिजे.

पण बाबासाहेबांच्या हिशेबातला तिसरा पैसा आपण विसरता कामा नये. नवल भथेनांचे पाच हजार रुपये वेळेवर मिळाले म्हणून लंडनचे जहाज गाठता आले. आज आपल्यात प्राध्यापक आहेत, अभियंते आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, परदेशात स्थिरावलेले आहेत. यातले बहुतेक शिष्यवृत्तीवरच शिकले. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत लाख-दोन लाख उडतात. त्यातला निम्मा पैसा बाजूला काढून प्रत्येक मोठ्या विहारात विद्यार्थी निधी उभारता येईल. फेलोशिप अडकली की त्या मुलाला सहा महिन्यांची खानावळ आणि खोलीभाडे कर्जाऊ द्यायचे, थकबाकी आली की त्याने परत करायचे. भीक नाही, उपकार नाही. निधी फिरता राहील.

दुसरे काम माहितीचे. कित्येक गुणवंत मुले पैशाआधी कागदावर अडतात. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, ही तयारी अर्ज निघाल्यावर सुरू करून चालत नाही. ती एक वर्ष आधी करावी लागते. शिवाय राखीव योजनांपुरतेच का थांबावे? इंग्लंडची चेव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, युरोपातली इरास्मस मुंडस या शिष्यवृत्त्यांसाठीही आपल्या मुलांनी अर्ज केले पाहिजेत. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तिचे अर्ज ऑगस्टच्या सुमारास निघतात, एवढी साधी बाब तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला कोणी सांगत नाही. जे जाऊन आले आहेत त्यांनी रविवारी दोन तास विहारात बसून ती सांगावी. व्याख्यानांपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक सांगणे. खिडकीपुढे उभे राहाल तेव्हा एकटे जाऊ नका आणि तोंडी बोलू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, माहितीचा अधिकार वापरा, सोबत चार जण न्या. हा पैसा तुमच्या गुणांचा आहे आणि त्याची वाट बाबासाहेबांनी तीन वर्षे गमावून मोकळी केली आहे. तो मागताना मान खाली घालू नका.

जय भीम!