युद्धनौकेचे स्वसंरक्षण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस कोलकाता’ ही विनाशिका २३ मार्च २०२४ रोजी ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली आणि तिने त्यांना पोलिसांच्या स्वाधीन केले. नौदलावर गोळ्या झाडणाऱ्यांना समुद्रातच का बुडवले नाही, हा प्रश्न एका गैरसमजातून उद्भवतो. तो असा की, एकदा हल्ला झाला की युद्धनौकेला कोणतेही बंधन उरत नाही.

वस्तुतः शांतताकाळातील स्वसंरक्षण दोन कसोट्यांवर तपासले जाते: आवश्यकता, म्हणजे धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसणे, आणि प्रमाणबद्धता, म्हणजे धोका निवारण्यापुरतेच बळ वापरणे. ‘रुएन’ या अपहृत मालवाहू जहाजावरील चाच्यांनी नौदलाचे ड्रोन पाडले व युद्धनौकेवर गोळीबार केला. तरीही ‘कोलकाता’ने जहाजाचे सुकाणू आणि दिशादर्शक उपकरणे तेवढी निकामी करून ते थांबवले, आणि चाचे शरण आल्यावर १७ खलाशी सुखरूप सुटले. या संयमाचे मोल २००८ च्या नोव्हेंबरमधील घटनेवरून कळते. एडनच्या आखातात ‘आयएनएस तबर’ने गोळीबाराला प्रत्युत्तर देताना बुडवलेली नौका चाच्यांनी पळवलेली थाई मासेमारी नौका होती व तिच्यावर ओलीस खलाशी होते, हे नंतर उघड झाले.

पहिली गोळी झेलल्याशिवाय युद्धनौकेला प्रतिकार करता येत नाही, हेही खरे नाही. हल्ला अगदी तोंडावर आला असेल तर अनेक राष्ट्रांचे नौदल-नियम कप्तानाला आधी कारवाईची मुभा देतात. मात्र नुसता संशय पुरत नाही, आणि ही सीमारेषा नेमकी कुठे आखावी यावर कायदेपंडितांत आजही मतभेद आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ५१ चा हवाला चाच्यांच्या संदर्भातही दिला जातो, तो गैरलागू आहे. ते कलम सशस्त्र हल्ल्याला तोंड देणाऱ्या राष्ट्राच्या अधिकाराविषयी आहे, तर चाच्यांना पकडणे हे मुळात पोलिसी काम असून त्याचा आधार १९८२ च्या सागरी कायदा करारात आणि भारताच्या २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्यात आहे. ते काम करताना जवानांनी स्वतःचा जीव वाचवण्याचा अधिकार अर्थातच कायम राहतो.

वरळीच्या किनाऱ्यासमोर परकी युद्धनौका विनासूचना आली तरी ती लगेच लक्ष्य ठरत नाही. आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या प्रादेशिक समुद्रातून जाण्यापूर्वी तिने भारत सरकारला कळवावे, असे १९७६ चा भारतीय कायदा सांगतो. किनारी राष्ट्राचे नियम मोडून तिने समज धुडकावली, तर सागरी कायदा कराराचे कलम ३० त्या राष्ट्राला तिला तत्काळ बाहेर जाण्यास सांगण्याचा अधिकार देते.