कुंपणच शेत खाते तेव्हा

कुंपणानेच शेत खावे, तसा ‘ल्युपस’ हा आजार. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा! रोगजंतूंशी लढणारी शक्तीच मूत्रपिंडांवर उलटते. आणि रोगी बहुधा ऐन विशी-तिशीतली मुलगी असते. स्टेरॉइड तर लागतेच. प्रश्न असतो तो जोडीच्या औषधाचा.

सायक्लोफॉस्फामाइड हे जुने. महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातले. गुणकारी खरे, पण मोठ्या मात्रेत वंध्यत्वाचे भय. दुसरे मायकोफेनोलेट, त्याचे मूळ द्रव्य इटलीच्या गोसिओने १८९३ साली चक्क बुरशीतून काढले. २००९ साली ३७० रोग्यांवर दोहोंची तुलना झाली. गुण आला तो मायकोफेनोलेटने ५६ टक्क्यांना, सायक्लोफॉस्फामाइडने ५३ टक्क्यांना. म्हणजे बरोबरीच! पुढे २०१६ साली चंदिगडच्या शंभर रोग्यांतही अल्प मात्रेचे सायक्लोफॉस्फामाइड मागे पडले नाही.

अल्प मात्रा म्हणजे पंधरवड्याला एक, अशी सहा सलाइने. बीड-जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’त येणाऱ्या गरिबाला हे परवडते, रोजच्या गोळ्या महिनोन्‌महिने विकत घेणे जड जाते.

मात्र मायकोफेनोलेट चालू असता गर्भ राहिला, तर बाळात व्यंग येऊ शकते. लग्न ठरवताना मुलीचे औषध लपवण्याची आपली रीत म्हणूनच मला भयंकर वाटते. दिवस राहण्यापूर्वी निदान सहा आठवडे ते थांबवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने अझाथायोप्रीन सुरू करावे लागते; आणि हे नवऱ्याला ठाऊक नको काय?