आपला अर्ज आपल्या हाताने



आमच्या साताऱ्याच्या वर्गातील एका कातकरी मुलीची शिष्यवृत्ती यंदा अडकली. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटीचा अर्ज तिने एका दुकानातून भरून घेतला होता आणि त्यात मोबाइल नंबर दुकानदाराचाच पडला होता. अर्ज दुरुस्तीसाठी परत आल्याचा निरोप तिला मिळालाच नाही. कळले तेव्हा मुदतीचे चारच दिवस उरले होते.

कला-वाणिज्यच्या मुलांना संगणक कशाला, असे मला मंडळीत विचारले जाते. त्याचे उत्तर हेच. मोबाइल सगळ्यांना चालवता येतो. स्वतःचे काम तडीस नेता येत नाही. म्हणून सातारा आणि सांगलीच्या वर्गांत आम्ही चार गोष्टी पक्क्या करून घेतो.

पहिली, स्वतःचा ईमेल व स्वतःचा नंबर. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही द्यायचा नाही.

दुसरी, दाखल्याची फाइल. मोबाइलवर काढलेला फोटो सहज ३-४ एमबीचा होतो. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. संकेतस्थळ फक्त काहीशे केबी घेते, म्हणून फोटो कापून लहान करायला शिकवतो.

तिसरी, युनिकोड मराठी. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, ‘क’चा २३२५. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरालाच मराठी रूप दिलेले असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर अर्जातले नाव वाचताच येत नाही.

चौथी, हिशेबाचा तक्ता. मुले वसतिगृहाच्या मेसचा खर्च मांडतात. एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते, हे पाहून त्यांना गंमत वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘कमवा आणि शिका’मुळे असंख्य गरीब मुले स्वतःच्या कष्टावर शिकली. आमचा प्रयत्न त्याच वाटेवरचा आहे.

त्या मुलीने नंबर बदलून घेतला, दाखला पुन्हा जोडला आणि मुदतीत अर्ज पाठवला. पैसे अजून जमा झालेले नाहीत. पण अर्ज कुठवर आला, हे ती आता स्वतः पाहते आणि इतरांनाही दाखवते.

आपल्या घरी चालू स्थितीतला जुना लॅपटॉप असेल, किंवा महिन्यातला एक शनिवार देता येत असेल, तर अवश्य कळवा. या मुलांना प्रार्थनेत आठवा.