शॉकअपची सायकल आणि हाताच्या मुंग्या

सायकलीला नाशिकमध्ये पुन्हा चांगले दिवस आले आहेत. एके काळी सायकल म्हणजे दूधवाल्याची, पोस्टमनची आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कामगाराची, असे समीकरण होते. आता पहाटे गंगापूर रोडवर किंवा त्र्यंबक रस्त्यावर पाहावे, तर वकील, शिक्षिका, व्यापारी, निवृत्त अधिकारी सायकलीवर दिसतात. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. अशा बातम्यांनी या छंदाला चांगलेच बळ दिले.

नवी सायकल घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाची नजर हमखास जाते ती जाड टायरच्या, पुढच्या चिमट्याला शॉकअप असलेल्या सायकलीवर. ‘खड्डे जाणवणार नाहीत, हात-पाठ दुखणार नाही,’ असे दुकानदारही सांगतो. घरच्यांनाही ते पटते. आपल्याकडचे पावसाळ्यानंतरचे रस्ते पाहता ते पटण्यासारखेच आहे. पण काही महिन्यांनी यांपैकी काही मंडळी माझ्या दवाखान्यात येतात आणि त्यांचा प्रश्न जवळपास एकच असतो : “डॉक्टर, मुद्दाम शॉकअपची सायकल घेतली, तरी करंगळीला मुंग्या येतात. असे का?”

या प्रश्नाचे उत्तर थोडे सायकलीत आहे आणि थोडे आपल्या मनगटात. दोन्ही नीट समजून घेतले तर पैसाही वाचतो आणि हातही.

शॉकअपच्या आत काय असते?

डोंगरी सायकलीचा पहिला यशस्वी शॉकअप १९८९ च्या सुमारास अमेरिकेत पॉल टर्नर यांनी बाजारात आणला. त्यात हवा आणि तेल होते. हवा धक्का झेलायची आणि तेल चिमट्याची हालचाल आवरायचे. यातले दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. स्प्रिंग दाबली की ती उसळणारच. ती उसळी आवरणारे काही नसेल, तर एका खड्ड्याचा धक्का झेलून ती दुसरा धक्का आपल्या हाताला देते.

दहा-बारा हजारांपर्यंतच्या बहुतेक सायकलींत मात्र दोन नळ्यांत लोखंडी स्प्रिंग आणि थोडे ग्रीस एवढाच मामला असतो. काहींत रबरासारख्या पदार्थाचा तुकडाही असतो. उसळी आवरायला तेल नसते. शिवाय नळीवर नळी घासत असल्याने चिमटा सहजी हलत नाही. मोठा खड्डा आला की तो दबतो, पण डांबरी रस्त्यावरची बारीक खडी, सिमेंटच्या रस्त्यावरच्या रेघा, पेव्हर ब्लॉकचे सांधे यांची जी सततची थरथर असते, तिच्याने तो जागचाही हलत नाही. ती थरथर जशीच्या तशी हँडलमध्ये येते. हाताला मुंग्या येण्यात या बारीक थरथरीचा मोठा वाटा असतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट वजनाची. साधा लोखंडी चिमटा सव्वा किलोच्या आसपास असतो. स्वस्तातला शॉकअपचा चिमटा अडीच किलोपर्यंत, कधी त्याहूनही जड असतो. चढावर हा भार आपल्यालाच ओढावा लागतो.

चौघांचे चार अनुभव

माझ्याकडे आलेल्या सायकलस्वारांचे अनुभव सांगतो, म्हणजे विषय अधिक स्पष्ट होईल.

पहिला अकरावीतला मुलगा, वजन जेमतेम ४५ किलो. वडिलांनी वाढदिवसाला शॉकअपची सायकल घेऊन दिली. क्लासला जाता-येता मनगट दुखते, अशी त्याची तक्रार. मी त्याला सायकलीवर बसवून हँडलवर भार द्यायला सांगितले. चिमटा केसभरही दबला नाही. एकाच ताकदीची स्प्रिंग ४५ किलोच्या मुलाला आणि ९० किलोच्या माणसाला सारखी कशी चालेल? त्याच्यासाठी तो चिमटा म्हणजे नुसता जड दांडाच होता.

दुसरे मेन रोडवरचे एक व्यापारी, वजन ९० किलोंच्या घरात. त्यांची तक्रार उलटी. पुढचा ब्रेक दाबला की सायकल नाक खुपसल्यासारखी पुढे झुकते आणि खड्ड्यात चिमटा ‘खट्’ करून तळाला बसतो. तळाला बसलेला चिमटा पूर्ण धक्का मनगटात सोडतो. त्यांची मानही दुखू लागली होती, कारण अंग पुढे जाऊ नये म्हणून ते कोपर ताठ ठेवून हँडल रेटत असत.

तिसरे सातपूरच्या कारखान्यातले कामगार. पंचवटीतून रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर सायकल चालवतात. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट रात्रीही बधिर राहू लागले होते. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळत. यांची गोष्ट गंभीर होती. तिच्याकडे पुढे येतोच.

चौथे गिरणारे भागातले एक द्राक्ष बागायतदार. ते शॉकअपवर बेहद्द खूश! बागेतला आणि पाटाकडेचा कच्चा रस्ता, दगडगोटे, बैलगाडीच्या चाकोऱ्या यांवरून त्यांची सायकल रोज जाते. अंतर थोडे, वेग कमी, धक्के मोठे. अशा ठिकाणी साधी स्प्रिंगही उपयोगी पडते. त्यांचे वजनही त्या स्प्रिंगला मानवणारे, ७० किलोच्या आसपास.

तात्पर्य असे की, शॉकअप ही वाईट वस्तू नव्हे. पण ती मोठ्या धक्क्याची दवा आहे. बारीक थरथरीवर आणि चुकीच्या बैठकीवर तिचा काही उपाय चालत नाही.

तळहातात काय बिघडते?

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला मनगटाशी एक लहानसे हाड हाताला लागते. त्याच्या बाजूने एका अरुंद बोळातून ‘अल्नर’ नावाचा मज्जातंतू बोटांकडे जातो. करंगळीची आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना त्याच्याकडे असते. बोटे फाकवणे, मिटवणे, चिमटीत कागद घट्ट धरणे अशी बारीक कामे करणारे पंजातले बरेच स्नायूही त्याच्याच हुकमतीत असतात. हँडलवर शरीराचा भार नेमका या बोळावर पडतो. वरून थरथर, खालून कठीण हँडल आणि मध्ये हा तंतू, अशी त्याची कोंडी होते.

हा आजार नवा नाही. फ्रान्समधले डॉक्टर देस्तो यांनी सायकलीमुळे होणाऱ्या या दुबळेपणाचे वर्णन १८९६ सालीच करून ठेवले आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर मनगटाच्या मधोमध जाणारा दुसरा तंतू दाबला जात असतो. मनगट वर मोडून सायकल चालवणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो.

सुरुवातीला मुंग्या येतात आणि हात झटकला की जातात. इथेच सावध व्हावे. दाब तसाच चालू राहिला तर मुंग्यांची जागा बधिरपणा घेतो आणि पुढे स्नायू दुबळे होतात. वर सांगितलेल्या कामगारांच्या अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल भाग बसल्यासारखा दिसू लागला होता. त्यांना काही आठवडे सायकल बंद ठेवावी लागली आणि बोटांची ताकद परत यायला कित्येक महिने लागले. हातावर पोट असलेल्या माणसाला हे परवडणारे नाही.

घरच्या घरी तपासणी

एक साधा कागद घ्या. अंगठा सरळ ठेवून तो अंगठा आणि तर्जनीची कड यांमध्ये धरा आणि दुसऱ्या कोणाला तो ओढायला सांगा. दोन्ही हातांनी करून पाहा. कागद धरून ठेवण्यासाठी एखाद्या हाताच्या अंगठ्याचे टोक वाकत असेल, तर त्या हाताचा अल्नर तंतू दुबळा झाला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी सायकल थांबवून डॉक्टरांना हात दाखवा. सायकलीवरून उतरल्यावरही मुंग्या तासन् तास टिकणे, रात्री त्यांनी झोप मोडणे, हातातून वस्तू निसटणे ही लक्षणेही दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत.

मधुमेहींनी अधिक काळजी घ्यावी, कारण त्यांचे तंतू दाबाला लवकर बळी पडतात. शाकाहारी मंडळींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता बरीच आढळते, तिच्यामुळेही मुंग्या येतात. दोन्ही हातांबरोबर पायांनाही मुंग्या येत असतील, तर दोष सायकलीला देण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे.

बिनपैशाचे उपाय

पहिला उपाय टायरमधल्या हवेचा. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे दणके कमी व्हावेत म्हणून हवेचा टायर बनवला. सायकलीचा खरा शॉकअप आजही तोच आहे. बारीक थरथर गिळण्याचे काम टायर करतो. पण आपल्याकडे टायर दगडासारखा लागेपर्यंत हवा भरायची पद्धत आहे. दोन इंच रुंदीच्या टायरला, ६० ते ७० किलोंच्या माणसाला, डांबरी रस्त्यावर ३५ ते ४० पौंड हवा सहसा पुरते. वजन जास्त असेल तर थोडी वाढवावी. टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो, त्याच्या आत राहावे. फार कमी हवेने ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा उपाय बैठकीचा. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर अंग पुढे घसरते आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करा. हँडल फार लांब किंवा फार खाली वाटत असेल तर मेकॅनिककडून बदलून घ्या. कोपर किंचित वाकलेले असावे आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ असावे. आपले कोपर हाच निसर्गाने दिलेला शॉकअप आहे. तो ताठ करून बंद पाडू नये.

तिसरा उपाय हालचालीचा. दर दहा मिनिटांनी पकड बदला आणि सुरक्षित जागा पाहून एकेक हात मोकळा करून झटका. झिजून गुळगुळीत झालेल्या मुठी बदला. गादीचे हातमोजे मदत करतात, पण बैठक चुकीची असेल तर तेही हरतात.

शॉकअप असेलच तर

आपल्या वजनाला तो मानवतो का, हे पाहायला रबर बँड पुरतो. चिमट्याच्या वरच्या चकचकीत नळीवर खाली रबराच्या सीलला टेकवून रबर बँड अडकवा. भिंतीचा आधार घेऊन नेहमीसारखे सायकलीवर बसा आणि अलगद उतरा. बँड सरकला असेल तेवढा चिमटा आपल्या वजनाने दबला. १०० मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्यात हे अंतर २० ते २५ मिलिमीटर असावे. काही चिमट्यांच्या माथ्यावर एक गोल बटण असते. ते फिरवून स्प्रिंगचा ताण थोडाफार कमी-जास्त करता येतो. बटण शेवटपर्यंत सोडूनही बँड हललाच नाही, तर ती स्प्रिंग आपल्यासाठी नाही, असे समजावे. चिमटा बंद करण्याची कळ असेल तर त्र्यंबकच्या चढावर ती लावावी आणि उतारावर व खराब रस्त्यावर आठवणीने सोडावी.

पावसाळ्यात चिखल त्या नळीवर वाळू देऊ नये. ओल्या फडक्याने पुसून, मग कोरड्या फडक्याने पुसावे. जोरदार पाण्याचा फवारा सीलवर मारू नये. नळीवर गंज धरला की तो सील खातो, पाणी आत जाते आणि चिमटा जाम होतो. महिन्यातून एकदा पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवून पाहा. ‘खडखड’ जाणवली तर ती हँडलच्या छऱ्यांची आहे की चिमट्याच्या नळ्यांची, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. खिळखिळ्या चिमट्याने उतारावर वेग घेणे म्हणजे हातपाय मोडून घेण्याची तयारीच.

नवी सायकल घेताना

रोजचा रस्ता डांबरी असेल आणि खिसा मर्यादित असेल, तर शॉकअप नसलेली, साध्या चिमट्याची आणि रुंद टायरची सायकल घ्यावी, असा माझा सल्ला आहे. त्याच किमतीत ब्रेक, गिअर आणि चाके चांगली मिळण्याची शक्यता असते आणि वजनही कमी भरते. लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या सायकलींना सहसा शॉकअप नसतोच. हजारो किलोमीटर साथ देते ती नेमकी बैठक. वाट कच्ची असेल तर शॉकअप अवश्य घ्या, पण दुकानातच त्यावर बसून तो आपल्या वजनाला दबतो का आणि हळू वर येतो का, हे पाहा. मुलांसाठी घेताना तर हे पाहाच.

सायकल हृदयाला, फुप्फुसांना, गुडघ्यांना आणि मनालाही हितकारक आहे. मुंग्यांना भिऊन ती अडगळीत टाकण्याचे कारण नाही. उद्या सकाळी निघण्यापूर्वी टायरची हवा आणि सीटचे नाक एवढे तपासा. पुष्कळ जणांच्या मुंग्या तेवढ्यानेच कमी होतात.