परतीची वाट बंद होते तेव्हा

१८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात, जोन्सटाउन या वसाहतीत ९०० हून अधिक अमेरिकी नागरिक मृत्युमुखी पडले. बहुतेकांचा बळी सायनाइडमिश्रित पेयाने घेतला. त्यांत सुमारे ३०० अल्पवयीन होते. मोठी माणसे जिम जोन्सच्या ‘पीपल्स टेम्पल’कडे वळली होती ती वर्णसमानतेच्या आणि वृद्ध-गरिबांच्या सेवेच्या ओढीने. पुढे वेळ, मिळकत, घरदार आणि अखेर पारपत्रही पंथाच्या स्वाधीन झाले. प्रत्येक त्यागागणिक आपली चूक मान्य करणे अधिक जड होत गेले. दूरच्या जंगलात तर वेगळे मत कानी पडणेही दुरापास्त झाले. म्हणूनच कोणत्याही पंथात प्रवेश किती सुलभ आहे यापेक्षा तेथून परतता येते का, हे आधी पाहावे.