बेटावरील शाळा आणि बेटाची लोकसंख्या

जपानच्या शिमाने प्रांतातील ओकी द्वीपसमूहात आमा हे छोटे नगर वसलेले आहे. मुख्य भूमीपासून तेथे पोहोचण्यास बोटीने सुमारे तीन तास लागतात. १९५० साली या नगराची लोकसंख्या जवळजवळ ७,००० होती. २०२० च्या जनगणनेत ती २,३०० च्याही खाली आली. आज दर दहा रहिवाशांमागे सुमारे चार जण ६५ वर्षांवरील आहेत.

घटता जन्मदर हे यामागील एक कारण आहेच. परंतु लहान बेटांची खरी गळती होते ती वयाच्या पंधराव्या ते अठराव्या वर्षी. शिक्षणासाठी गेलेली मुले बहुधा परतत नाहीत, त्यांचे संसार इतरत्र उभे राहतात आणि मागे आईवडील उरतात.

दूरस्थ बेटांच्या विकासासाठी जपानने १९५३ साली कायदा केला. त्यायोगे बंदरे व रस्ते झाले. मात्र नव्या धक्क्यावरूनच तरुण मंडळी बोटीत बसली, असे म्हटल्यास ते फारसे चूक ठरू नये! शिवाय बांधकामांमुळे आमा नगर कर्जबाजारी झाले. शेजारच्या नगरांशी विलीन होण्याचा पर्याय नाकारून नगराध्यक्ष मिचिओ यामाउची यांनी २००५ पर्यंत स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले. कर्मचाऱ्यांनीही वेतनकपात स्वीकारली.

यानंतर प्रश्न आला तो शाळेचा. परिसरातील तीन बेटांसाठी असलेल्या एकमेव उच्च माध्यमिक शाळेत २००८ साली अवघे ८९ विद्यार्थी उरले होते. ती बंद पडल्यास मुलांना पंधराव्या वर्षीच बेट सोडावे लागले असते. बाहेर ठेवण्याचा खर्च न झेपणारी कुटुंबेही त्यांच्यामागून गेली असती. शाळा प्रांताच्या अखत्यारीतील, म्हणून स्थानिक संस्थांना हात झटकता आले असते. त्यांनी तसे केले नाही. देशभरातील विद्यार्थ्यांना बेटावर राहून शिकण्यास निमंत्रण देण्यात आले, अभ्यासकेंद्र सुरू करण्यात आले आणि अभ्यासक्रमात बेटाचेच प्रश्न आणले गेले. पुढील दशकात विद्यार्थीसंख्या जवळजवळ दुप्पट झाली.

बाहेरून आलेले बहुसंख्य विद्यार्थी शिक्षण संपताच परत जातात, हे खरे. परंतु शाळा टिकल्याने लहान मुलांच्या कुटुंबांना बेटावर राहणे शक्य झाले आणि २००४ नंतर शेकडो नवे रहिवासी तेथे आले. २०१० ते २०१५ या काळात लोकसंख्या जवळजवळ स्थिर राहिली. त्यानंतर ती पुन्हा काहीशी घटली. कारण वृद्धांची संख्या मोठी असल्याने मृत्यू अजूनही जन्मांहून अधिक आहेत.