उंदराचा मार्गबोध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उंदीर केवळ वासाच्या मागाने किंवा अंगवळणी पडलेल्या वाटेने धावतो, परिसराची जाण त्याला नसते, या समजाला एकेकाळी प्रयोगांचाही आधार होता. 1908 साली अमेरिकेत कार आणि वॉटसन यांनी भूलभुलैयात तरबेज झालेल्या उंदरांच्या वाटेतील बोळ आखूड केले, तेव्हा वेगाने आलेले उंदीर समोरच्या भिंतीवर आदळले आणि त्यांचे धावणे म्हणजे स्नायूंच्या सवयींची साखळी होय, असा निष्कर्ष निघाला. अतिपरिचित वाटेपुरता तो खरा असला तरी एकूण चित्र त्याहून फार संपन्न आहे.

आमिषावाचून उंदीर शिकत नाही, हा समज 1930 मध्ये टोलमन आणि हॉन्झिक यांनी मोडीत काढला. उंदरांच्या एका गटाला त्यांनी दहा दिवस भूलभुलैयात अन्नाविना फिरू दिले. अकराव्या दिवशी अखेरच्या कप्प्यात अन्न ठेवताच बाराव्या दिवशी त्या उंदरांच्या चुका, रोज अन्न मिळणाऱ्या उंदरांच्या चुकांइतक्या खाली आल्या. निरुद्देश भासणाऱ्या भटकंतीत ते परिसराची रचना मनात साठवत होते. यालाच सुप्त अध्ययन म्हणतात.

हा मनातला नकाशा केवळ रूपक नाही, हे पुढे मेंदूतच दिसून आले. लंडनमध्ये ओकीफ आणि दोस्त्रोव्स्की यांना 1971 मध्ये हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात, उंदीर विशिष्ट ठिकाणी पोहोचला असता सक्रिय होणाऱ्या ‘स्थानपेशी’ आढळल्या. 2005 मध्ये नॉर्वेतील मोझर यांच्या प्रयोगशाळेने लगतच्या भागातील ‘जाळीपेशी’ दाखवून दिल्या. अशी एकच पेशी जमिनीवरील समान अंतराच्या अनेक बिंदूंवर सक्रिय होते, ते बिंदू जोडल्यास त्रिकोणांची नियमित जाळी उमटते आणि दिवे मालवल्यावरही ती टिकते, कारण आपल्या हालचालींची दिशा व अंतर यांचा हिशेब मेंदू ठेवत असतो.

उंदीर भिंतीच्या कडेने जातो, त्यामागे सुरक्षिततेची ओढ असते आणि सेकंदाला अनेकदा हलणाऱ्या मिशांनी तो भिंत चाचपतो. मात्र त्यावरून तो डोळ्यांचा उपयोग करत नाही असे समजणे चुकीचे आहे, कारण प्रयोगात गढूळ पाण्याखाली दडवलेला चौथरा तो खोलीतील दूरच्या खुणांच्या आधारे नेमका गाठतो.

रानटी तपकिरी उंदीर नव्या जागेचा कसून शोध घेतो, परंतु ओळखीच्या जागी अचानक आलेल्या नव्या वस्तूला बिचकून दूर राहतो. त्यामुळे पिंजरा पहिले काही दिवस खटका न लावता, आमिषासह तसाच ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.